पन्हा कमी होता

माझा बाप्तिस्मा मी चार महिन्यांची असताना झाला आणि दृढीकरण चोपन्नाव्या वर्षी. मधली सगळी वर्षं मी ना धड आत, ना धड बाहेर अशी काढली.

वडील नागपूरच्या पलीकडचे, मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावातले. तिकडची त्यांची सगळी भावकी ख्रिस्ती, लूथरन पंथाची. धरणाच्या कामावर म्हणून ते भातसानगरला आले, वसाहतीत राहिले आणि इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. आई हिंदू होती, शेवटपर्यंत हिंदूच राहिली, आणि वडिलांनी तिला त्यावरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी झाल्यावर फक्त एकदा मला गावी नेऊन बाप्तिस्मा करून आणलं. भातसानगरच्या आसपास आमची मंडळी नव्हती. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. मग वडील रविवारी सकाळी क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून एकटेच गीतं म्हणायचे. ती मला ऐकून ऐकून पाठ झाली. त्यांचा अर्थ त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

लग्न होऊन मी मुरबाडला आले. सासर शेतकऱ्याचं, नवरा बसडेपोत मेकॅनिक. शिवण मला आधीपासून येत होतं. आळीच्या तोंडाशी एक गाळा मिळाला, तिथे पायमशीन टाकलं आणि तीस वर्षं ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवले. त्या तीस वर्षांत मी चर्चमध्ये तीनदा गेले असेन, तेही कुणाच्या लग्नाला.

एक दिवस सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई ब्लाउज न्यायला आल्या. मी बाही जोडत होते आणि सवयीने गुणगुणत होते. त्या दारातच थांबल्या.

"ही चाल तुला कुठून आली गं?"

"वडील म्हणायचे."

"पुढचं कडवं येतं?"

मी म्हटलं. तिसरं त्यांनी म्हटलं. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक आमच्या दोघींकडे बघतच राहिलं.

नर्सबाईंच्या घरी, पुढच्या खोलीत, रविवारी भक्ती व्हायची. पंधरा-वीस माणसं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, कल्याणहून जीपने यायचे, कधी जीप भरेपर्यंत ताटकळून उशिरा पोचायचे, आणि तोवर नर्सबाई गीतं घ्यायच्या. मी जायला लागले. सगळं आवडायचं, फक्त एका वेळी जीव कसानुसा व्हायचा. प्रभुभोजनाला बाकीचे उठून पुढे जायचे, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचे, आणि मी खुर्चीत बसून राहायची. पंक्तीला बोलावून पानावर वाढलंच नाही, तसं वाटायचं.

एकदा मी पाळकसाहेबांना विचारलंच. ते वयाने माझ्याहून बरेच लहान, बोलायला मऊ.

"ताई, बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्या वतीने वडील बोलले होते," ते म्हणाले. "आता तुम्ही स्वतः बोलायचं, त्यालाच दृढीकरण म्हणतात, आणि ते झालं की प्रभुभोजन. पण काय बोलतोय ते आधी शिकायला हवं. तुमच्यासारखे अजून तिघं आहेत. गणपती झाले की मोठ्यांचा वर्ग सुरू करू."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हातपाय धूत होता. त्याने नळ बंद केला.

"अंगणातली तुळस काढणार नायस ना?"

"नाय."

"मंग जा. रविवारचा भात मी टाकीन."

वर्गात आम्ही चौघं. एमआयडीसीत काम करणारं एक तरुण जोडपं, एक निवृत्त वायरमन आणि मी. पुस्तक पातळ, प्रश्नोत्तरांचं. दहा आज्ञा, मग विश्वासाचा अंगीकार, मग प्रभूची प्रार्थना, मग बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पाळकसाहेबांची पद्धत अशी, की आधी पुस्तकातलं वाचायचं, मग ज्याने त्याने आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा, आणि तो जमला तरच पाठ करायचं. "पोपट नकोत मला," ते म्हणायचे.

शाळेतल्या चौथीनंतर मी पाठ असं काही केलं नव्हतं. मी एकेक उत्तर कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवायची आणि एकेका बाहीबरोबर एकेक आज्ञा घोकायची. वायरमनकाकांचं आणखी वेगळं. त्यांनी आयुष्यभर विजेचे खांब नंबराने लक्षात ठेवले होते, तशाच आज्ञा लक्षात ठेवल्या. "खांब नंबर पाच, खून करू नको," असं म्हणायचे आणि आम्ही हसलो की रागवायचे. पाळकसाहेबांनी त्यांना कधी थांबवलं नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झाले, आणि आम्ही आठव्या आज्ञेपाशी आलो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. अर्थ सांगायची पाळी माझी. मी घडाघडा सांगितला, की कुणाची चहाडी करू नये, कुणाचं नाव बद्दू करू नये. उलट त्याची बाजू घ्यावी आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा.

"छान," पाळकसाहेब म्हणाले.

वायरमनकाका अडले. "खोटं बोलायचं नाय हे पटलं. पण बाजूपण घ्यायची? आमी नुसतं गप बसलो तर?"

"समजा, तुमच्यासमोर कुणी शेजारणीला चोर म्हणालं. ती चोर नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आणि तुम्ही गप्प बसलात. समोरचा त्याचा काय अर्थ घेईल?"

"का ती चोरच हाय."

"मग साक्ष दिलीतच ना तुम्ही?"

नववी आज्ञा कुणी वाचली, ते मला ऐकू आलं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या गाळ्यासमोर आणखी एक शिवणारी होती. माझ्याच वयाची, नवऱ्याने टाकलेली, एकटी राहणारी. तिचा हात माझ्याहून चांगला होता, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिची बाही खांद्यावर अशी बसायची की सुरकुती शोधून सापडायची नाही. आळीतल्या मोठ्या घरच्या काकूंनी मुलीच्या लग्नात सगळ्या जावा-नणंदांसाठी एकाच ताग्यातले जरीचे तुकडे कापून घेतले आणि त्यातले बहुतेक शिवायला तिच्याकडे दिले. ब्लाउज आले ते काखेत जोड दिलेले. काकू तिच्याशी भांडल्या. ती म्हणाली, कापडाचा पन्हा कमी होता, म्हणजे रुंदीच कमी होती, जोड दिल्याशिवाय बसलंच नसतं. काकूंना पटेना. त्या एक ब्लाउज घेऊन माझ्याकडे आल्या.

"तू सांग गो. एवढं कापड दिलं तरी जोड? उरलेलं गेलं कुठं?"

त्याच ताग्यातला तुकडा त्याआधी आठच दिवस मी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी हाताळला होता. पन्हा खरंच कमी होता, चांगला चार बोटं. मला एका वाक्याचं काम होतं. मी ब्लाउज उलटापालटा केला आणि म्हणाले, "मी काय बोलू काकू? कापड पुरायला हवं होतं."

बस, एवढंच. काकू निघून गेल्या. आठवड्याभरात आळीभर झालं, की समोरची कापड मारते. कुणी मला विचारलं की मी हसायची. पुढे पुढे तर न विचारताही बोलले. वर्षभरात तिचं गिऱ्हाईक तुटलं आणि ती गाळा सोडून किन्हवलीला, माहेरच्या गावी निघून गेली. तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली.

त्या रविवारी घरी येऊन मी हे नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं. त्याने ताटावरून मान वर केली नाही.

"ती गेली तवा तिची मशीन टेम्पोत चढवायला मीच गेलो होतो," तो म्हणाला. "तू दार लावून आत बसली होतीस. मला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मीपण गप बसलो," तो म्हणाला, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही धड जेवलो नाही.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी पाळकसाहेबांना नर्सबाईंच्या परसात गाठलं. माझं नाव वर्गातून काढा म्हणाले. का, ते सगळं सांगितलं. सांगताना मी कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही, एवढं मात्र केलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, की तुम्ही हे देवासमोर कबूल केलंत, आणि ख्रिस्तामुळे तुम्हाला क्षमा आहे, पूर्ण क्षमा.

"एवढ्यावरच?"

"एवढ्यावरच."

"मग तिच्याकडे जायला नको?"

"क्षमा मिळवायला जायचं असेल तर नको. ती मिळाली. आता तुमचे हात मोकळे झालेत, ताई. मोकळ्या हातांनी काय करायचं, ते तुम्ही बघा."

मला आधी रागच आला. काहीतरी कठीण सांगतील, दंड देतील, असं वाटलं होतं. पण मंगळवारी सकाळी मी गाळा उघडलाच नाही. शहापूरची गाडी पकडली आणि सरळगावावरून किन्हवलीला उतरले.

ती घराच्या पडवीत मशीनवर बसली होती. केस पिकलेले, चष्मा लागलेला. मला बघून तिचा पाय थांबला.

"काय काम काढलंस?"

उभ्याउभ्याच बोलले. काकूंनी काय विचारलं, मला काय माहीत होतं, मी काय म्हणाले. मी चुकले, मला माफ कर, असंही म्हणाले. ती ऐकत होती आणि दोरा ओवत होती. सुईच्या नाकातून दोरा तीनदा चुकला.

"मला काय सांगतेस?" ती शेवटी म्हणाली. "मला तवाच ठाव होतं. मी कापड मारलं नाय, हे मला सांगायला एवढ्या लांब आलीस?"

तिने सुई कापडात खोचली.

"ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग. आनि एकेकीच्या कानात नको. तवा कानात सांगितलंस, आता सगळ्यांच्या तोंडावर सांग."

तिने पाणी विचारलं नाही. मीही बसले नाही. परतीच्या गाडीत मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की मला भीती वाटत नव्हती. तिने मला काम सांगितलं होतं, आणि काम म्हटलं की मला जमतं.

संक्रांत झाली. काकूंच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे सगळी आळी गोळा होते. मला दर वर्षी बोलावणं असतं, त्याही वर्षी आलं. मी टेप गळ्यात घालूनच गेले. बायका हसल्या, "इथंपण मापं घेतेस का गो?" चाळीसेक बायका, मोठ्या ओसरीत सतरंजीवर बसलेल्या. तिळगूळ वाटून झाला, वाण वाटून झालं. मी उठून उभी राहिले.

"काकू, मला दोन मिनटं बोलायचंय. सगळ्यांनी ऐका."

आणि सांगितलं. माझ्या समोर शिवायला बसायची तिचं नाव घेऊन, मी काय पाहिलं होतं आणि काय बोलले होते, ते सगळं. काकूंचा चेहरा उतरला.

"सनाच्या दिशी हे काय काढलंस? दहा वरसं झाली."

"झाली म्हणूनच काढलं. काकू, त्या ताग्यातला एखादा तुकडा न शिवलेला आहे का कुणाकडे?"

मग काकूंची धाकटी जाऊ कोपऱ्यातून म्हणाली, "माझा तसाच पडलाय. तुमच्या भांडणापायी मी दिलाच नव्हता शिवायला." तिचं घर भिंतीला भिंत लागून. ती उठून गेली. ती येईपर्यंत जो काय वेळ गेला, त्यात माझ्या बाजूची बाई माझ्यापासून जरा सरकून बसली, ते मला दिसलं.

तुकडा आला. घडीवर पिवळट रेघ पडलेली, पण जरी तशीच. मी तो सतरंजीवर पसरला आणि त्याच्या शेजारी त्या दिवशी वाणात मिळालेला ब्लाउजपीस पसरला. दोन्हींचा एकेक काठ जुळवला. दुसरीकडे जरीचा तुकडा आधीच संपला. काठाला कात्री लागलेली नव्हती, विणलेला काठ जसाच्या तसा होता. मी टेप काढून काकूंच्या हातात दिला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही मोजा."

काकू गुडघ्यावर बसल्या. एकदा मोजलं. जावेला टेपचं दुसरं टोक धरायला लावून पुन्हा मोजलं. मग टेप खाली ठेवून हाताची चार बोटं त्या मोकळ्या जागेवर ठेवली. बरोबर बसली.

"म्हंजे ती खरं सांगत होती," काकू म्हणाल्या.

"खरं सांगत होती. आणि मला माहीत होतं."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने मला तोंडावर विचारलं, "मंग आता तुझा तरी इश्वास कसा धरायचा गो?" मी म्हणाले, नका धरू, यापुढे कापड माझ्यासमोर मोजून द्या. (त्या वर्षी तीन-चार घरं माझ्याकडून तुटली ती तुटलीच, आणि ज्या राहिल्या त्यांतल्या काही अजून मोजून देतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.)

काकू मात्र काकूच. त्या ओसरीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नंबर हाय का कोणाकडं तिचा? लावा फोन. मोठ्या आवाजात लावा."

फोन लागला. काकू आयुष्यात कुणाची माफी मागणाऱ्यातल्या नाहीत, आणि त्यांनी तेव्हाही शब्दांत मागितली नाही. त्या म्हणाल्या, "मी मुरबाडवरून बोलतेय. माझ्या नातीचं, थोरल्याच्या पोरीचं, लगीन हाय. सगळे ब्लाउज तू शिवायचेस. कापड मी सोता घेऊन येते किन्हवलीला."

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. चाळीस बायका फोनकडे सरकल्या. मग तिचा आवाज आला, अगदी शांत.

"आना. पन आधी पन्हा मोजा."

ओसरी हसून हसून लोळली. काकूसुद्धा हसल्या, पदराने डोळे पुसत. मी मात्र हसले नाही. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं होतं हे कळायला मला घरी पोचावं लागलं.

तिने मला माफ केलं, असं ती आजवर म्हणालेली नाही. पण मार्चमध्ये लग्नसराईचं काम अंगावर आल्यावर तिचा निरोप आला, की काज-बटणाचं काम पाठवते, करशील का. मी करून पाठवलं. अजूनही आमच्या दोघींमध्ये कामाशिवाय बोलणं होत नाही. काम मात्र जातं-येतं, कधी तिच्याकडून, कधी माझ्याकडून.

आमच्या वर्गाची परीक्षा झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या रविवारी होती, सगळ्या मंडळीसमोर. नर्सबाईंच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून दारं काढून ठेवली होती. तरुण जोडप्यातली बायको पहिल्यांदा उठली, तिने प्रार्थनेचा अर्थ सांगितला. वायरमनकाका उठले, सगळ्या दहा आज्ञा एका दमात, खांबांचे नंबर न लावता म्हटल्या, आणि शेवटी सवयीने "लाइन चालू" म्हणाले. मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले.

मला अंगीकाराचा पहिला भाग आला. देवाने मला निर्माण केलं, यावर माझा विश्वास आहे, याचा अर्थ काय. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. ते सगळं म्हटलं. त्यात देव काय काय देतो त्याची यादी आहे, शरीर, डोळे, अन्न, आणि अंगावरचे कपडेही.

"आता तुमच्या शब्दांत," पाळकसाहेब म्हणाले.

"माझ्या शब्दांत सांगते," मी म्हणाले. "मी तीस वर्षं लोकांना कपडे देते असं समजत होते. मी नाही देत. मी फक्त शिवते. देणारा तो. आणि त्याने दिलेलं कुणाचं कमी पडलं, तर तिने चोरलं असं म्हणायचा मला अधिकार नाही."

मागच्या रांगेतून नर्सबाई मोठ्याने "आमेन" म्हणाल्या.

झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांनी शिंदीचे झाप हातात धरले होते. आम्ही चौघं पुढे गुडघे टेकून बसलो. याच विश्वासात राहशील का, मरेपर्यंत राहशील का, असं विचारलं. "होय, देवाने साहाय्य केलं तर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका खणखणीत आला. या वेळी माझ्या वतीने कुणी बोललं नाही. डोक्यावर हात आला. मग भाकर तळहातावर पडली, छोटीशी, बोटाच्या पेराएवढी. द्राक्षारस गोड होता आणि घशाला किंचित लागला.

नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. भक्ती झाल्यावर सगळ्यांनी त्याच्याशीही हात मिळवले. नर्सबाईंनी कोंबडीवडे केले होते. तो पोटभर जेवला आणि वायरमनकाकांशी मोटारीच्या वायरिंगवर तासभर बोलला.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं पायी निघालो. बाजारातून जाताना काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी रस्त्याच्या पलीकडून हाक मारली.

"काय गो, झाली का तुझी परीक्षा? पास का?"

"पास!" मी भर रस्त्यात ओरडले.